एका जुन्या खेळाचा जमाखर्च

(बी. कॉम. भाग २)

बेळगावची मुलगी आणि आजोळ मध्य प्रदेशात, हे ऐकले की मैत्रिणी आधी नकाशा मागतात. वडिलांची पहिली नोकरी नागपूरला होती, त्या ओळखीतून हे नाते जुळले. मिरजेला महाराष्ट्र एक्सप्रेस धरली की एक दिवस नि एक रात्र काढून थेट गोंदिया. तिथून उत्तरेला सुमारे चाळीस किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी बालाघाट. १९५६ पर्यंत हा जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, म्हणून त्या भागात मराठी अजून घराघरांत ऐकू येते. माझे मामा बालाघाटजवळच्या भरवेली येथील मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली नोकरी करून निवृत्त झाले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे गेले तेव्हा घरात अबोला होता. मामांचा धाकटा मुलगा दहावीला आहे. त्याने मामांच्या मोबाइलवर एक बंदुकीचा खेळ घेतला होता. खेळ फुकट होता. तरीही पाच आठवड्यांत अकरा वेळा मिळून मामांच्या खात्यातून ३,८४० रुपये गेले होते. कशासाठी, तर खेळातल्या शिपायासाठी टोपी, अंगरखा आणि बंदुकीवरची नक्षी! मामांनी मला बसवले नि विचारले, "तू कॉमर्स शिकून राहिली नं वं? मंग सांग मले, ही चोरी होय का धंदा होय?"

मला उत्तर देता आले नाही. पण त्या प्रश्नाच्या मागे लागून मी माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला, आणि लहानपणी मोठ्या मामेभावाच्या मांडीला मांडी लावून पाहिलेला 'डूम' नावाचा खेळ पुन्हा सुरू केला. आठ दिवस मी तो, त्याच्या आधीचा आणि त्याच्या नंतरचा खेळ खेळत होते. त्यातून जे कळले ते या लेखात मांडते आहे. वाचकांपैकी ज्यांनी असले खेळ कधी पाहिले नसतील त्यांनाही समजावे, असा प्रयत्न आहे.

आपल्याच डोळ्यांनी

संगणकावरचे बरेचसे खेळ आपण बाहेरून पाहतो. कॅरमच्या पाटावर वाकून पाहावे तसा सारा खेळ आपल्यासमोर असतो. ज्या प्रकाराविषयी मी लिहिते आहे त्यात मात्र आपण पाटावरच्या सोंगटीच्या डोळ्यांनी पाहतो. समोरच्या दृश्यात आपण स्वतः बाहेरून दिसत नाही. खाली मध्यभागी हातातली बंदूक दिसते, आणि समोर बोगदा, दार किंवा शत्रू. मान वळवली की सारे जग वळते. इंग्रजीत याला 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात. व्याकरणातला प्रथम पुरुष म्हणजे 'मी', तोच येथे खेळाचा नायक होय.

ही कल्पना फार जुनी आहे. १९७३ च्या सुमारास अमेरिकेतील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काही तरुणांनी 'मेझ वॉर' नावाचा खेळ केला. त्यात रेषांनी काढलेल्या गल्लीबोळांतून हिंडायचे, आणि समोरचा खेळाडू एका मोठ्या डोळ्याच्या रूपात दिसे. परंतु घरगुती संगणकावर हा प्रकार रुजवला तो टेक्सास राज्यातील इड सॉफ्टवेअर या लहानशा मंडळीने. १९९१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत जॉन कारमॅक हा मुख्य आज्ञावलीकार, जॉन रोमेरो हा आज्ञावलीकार आणि नकाशे रचणारा, एड्रियन कारमॅक हा चित्रकार आणि टॉम हॉल हा कथानक रचणारा. दोन कारमॅक एकमेकांचे कोणी नव्हेत, हे सांगितलेले बरे. मे १९९२ मध्ये त्यांचा 'वुल्फेनस्टाइन थ्री-डी' आला, १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम', १९९४ मध्ये 'डूम टू' आणि जून १९९६ मध्ये 'क्वेक'. आज मोबाइलवर जे असंख्य बंदुकीचे खेळ दिसतात, त्यांची वंशावळ येथे येऊन मिळते.

बोगदा कसा रंगवतात ?

पडदा तर सपाट काच. मग खोली कोठून येते? प्रथम 'वुल्फेनस्टाइन'ची युक्ती पाहू.

गणिताच्या चौकटीच्या वहीत काही चौकटी काळ्या करा. काळी चौकट म्हणजे भिंत, कोरी म्हणजे मोकळी जागा. आता एका कोऱ्या चौकटीत पेन्सिलीचा ठिपका द्या, हा झाला खेळाडू. संगणक त्या ठिपक्यापासून समोर पंख्याच्या काड्यांसारख्या रेषा सोडतो. प्रत्येक रेषा किती अंतरावर भिंतीला टेकते, एवढेच तो मोजतो. अंतर कमी असेल तर पडद्यावर त्या जागी उंच उभी पट्टी काढायची, जास्त असेल तर बुटकी. भिंत दुप्पट लांब असेल तर पट्टी निम्मी. स्टेशनावर उभे राहून रुळांकडेचे खांब पाहिले तर लांबचा खांब बुटका दिसतो, त्यातलाच हा प्रकार. डावीकडून उजवीकडे अशा शेकडो पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की डोळ्याला वाटते, समोर बोगदा आहे.

युक्ती सोपी, म्हणूनच वेगवान. पण तिच्या मर्यादाही उघड आहेत. सगळ्या भिंती एकाच उंचीच्या आणि काटकोनात. जिना नाही, खड्डा नाही, तिरकी भिंत नाही.

'डूम'मध्ये भिंती वाटेल त्या कोनात आल्या, जमीन कोठे उंच कोठे सखल झाली, जिने आले, खिडक्या आल्या, अंधार-उजेड आला. त्याबरोबर अडचण आली ती अशी की, शेकडो भिंतींपैकी कोणती पुढे नि कोणती मागे, हे प्रत्येक क्षणी ठरवायचे कसे? त्या काळच्या घरगुती संगणकाला हा हिशेब झेपणारा नव्हता. कारमॅकने यासाठी एक जुनी पद्धत वापरली. तिचे मूळ १९६९ साली विमानचालनाच्या शिक्षणयंत्रांसाठी झालेल्या संशोधनात आहे, आणि १९८० साली फुक्स, केडेम व नेलर या तिघांनी तिला शास्त्रशुद्ध रूप दिले.

ही पद्धत बालाघाटच्या धानाच्या शेतात उभे राहून समजावता येईल. एक मोठे शेत आहे. त्याच्या मधून एक सरळ बांध घातला, दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यात पुन्हा बांध, पुन्हा दोन तुकडे. असे करत करत लहान लहान बांध्या पाडल्या. आता मी कोठेही उभी राहिले तरी पहिला प्रश्न एवढाच की, मोठ्या बांधाच्या मी अलीकडे आहे की पलीकडे? जी माझी बाजू, तिच्यातले कोणतेही झाड पलीकडच्या झाडाला झाकू शकते. पलीकडचे अलीकडच्याला झाकू शकत नाही. मग माझ्या बाजूतल्या पुढच्या बांधाला हाच प्रश्न. असे दहा-बारा प्रश्न विचारले की पुढचे-मागचे सारे आपोआप क्रमाने लागते.

यातली खरी खुबी अशी की, बांध घालण्याचे काम खेळ चालू असताना करायचे नसते. नकाशा तयार होतो तेव्हाच ते एकदा करून ठेवतात. आम्हां वाणिज्य शाखेच्या मुलांना हे लगेच पटेल. रोजच्या रोज कीर्द लिहून खतावणी केलेली असली तर वर्षअखेरी तेरीज जुळवायला वेळ लागत नाही, तद्वतच हे.

राक्षसांचेही असेच. ते खरे गोल, घाटदार नाहीत, सपाट चित्रे आहेत. एकेका राक्षसाची आठ बाजूंनी चित्रे केलेली असतात, आणि आपण ज्या बाजूला असू ती बाजू दाखवतात. त्यांतल्या काहींसाठी आधी मातीच्या मूर्ती करून त्यांची छायाचित्रे घेतली होती. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या आमच्या मामींना ही माहिती फार आवडली.

मामांची परीक्षा

तिसऱ्या दिवशी मामा माझ्यामागे खुर्ची ओढून बसले. धाकटाही दारात येऊन उभा राहिला. 'डूम'मधला शिपाई मंगळाच्या चंद्रावरील एका तळावर एकटाच अडकलेला असतो. बोगदे, दालने, लाल-निळ्या-पिवळ्या किल्ल्यांची दारे, असे सारे भूमिगत वाटणारे जग. मामांनी थोडा वेळ पाहिले नि म्हणाले, "काऊन वं, या बोगद्याले टेकू नाही दिसून राहिले एकबी. अन् भायेर निघाचा दुसरा रस्ता कोठी हाये?"

खाणीला बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र मार्ग असलेच पाहिजेत, हा नियम त्यांच्या अंगात मुरलेला. मी म्हटले, "मामा, दुसरा रस्ता नसतो, म्हणून तर खेळ होतो." ते म्हणाले, "मंग हे खाण नाही, हे उंदराचं पिंजर होय."

मग त्यांनी जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर खाण काढून दाखवली. उभा शाफ्ट, त्यातून वर-खाली जाणारा पिंजरा, आणि शाफ्टपासून आडवे फुटलेले बोगदे, एकाखाली एक. त्यांना तिकडे लेव्हल म्हणतात. खालच्या लेव्हलपासून वरच्या लेव्हलकडे दगड काढत जायचे, आणि जी पोकळी होते ती वाळूने भरून काढायची, म्हणजे वरचे बसत नाही. देशातील सर्वांत खोल मँगनीजच्या खाणींत ही खाण मोडते. तिची मालकी असलेल्या 'मॉयल' या सरकारी कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे आणि मूळ १८९६ पर्यंत मागे जाते. येथले मँगनीज पोलादाच्या कारखान्यांना लागते.

त्या चित्राकडे पाहताना 'डूम'ची मर्यादा मला एकदम कळली. 'डूम'मध्ये ही खाण काढताच येत नाही! कारण 'डूम'चा नकाशा हा शेवटी कागदावरचा आराखडाच आहे. त्यातील प्रत्येक जागेला एक जमीन आणि एक छत, एवढेच ठाऊक असते. जमीन वर-खाली करता येते, म्हणून लिफ्ट दिसते. पण एका बोगद्याच्या बरोबर खाली दुसरा बोगदा ठेवता येत नाही. खेळाडूला वर-खाली पाहताही येत नाही. शत्रू उंचावर असला तरी बंदूक समोर रोखली की गोळी आपोआप वर जाते. इतकेच काय, खाली खड्ड्यात राक्षस उभा असेल तर कधी कधी वरच्या कडेवरून आपल्याला त्याच्या डोक्यावरून जाता येत नाही. त्या खेळाच्या लेखी राक्षस जमिनीपासून आकाशापर्यंत उंच असतो.

मग मी त्यांना 'क्वेक' लावून दाखवला. १९९६ च्या या खेळात मंडळींनी आराखडा सोडला आणि खऱ्या त्रिमितीत जग रचले. दालनावर दालन, पुलाखाली पाणी, पाण्याखाली पुन्हा वाट. राक्षसही सपाट चित्रांचे राहिले नाहीत, लहान लहान त्रिकोण जोडून घडवलेले झाले. एवढा मोठा हिशेब आटोक्यात राहावा म्हणून कोणत्या जागेवरून कोणत्या जागा दिसू शकतात, याची यादीच आधी करून ठेवलेली असते. मामांनी एका कठड्यावर मला थांबवले, खाली पाहायला लावले, आणि मान हलवली. "हं. याच्यात बसते आपली लेव्हल." गेल्या पंधरा दिवसांत ते मोबाइलखेरीज कशावर तरी बोलले, असे मामी नंतर म्हणाल्या.

वानगी आणि माल

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'डूम'ही फुकट होता, आणि धाकट्याचा खेळही फुकटच. मग फरक कोठे?

'डूम'चे तीन खंड होते, प्रत्येक नऊ टप्प्यांचा. पहिला खंड संपूर्ण फुकट. नुसता फुकट नव्हे, तर त्याच्या प्रती काढा, मित्रांना वाटा, असा आग्रह. आवडला तर पैसे पाठवून पुढचे दोन खंड मागवा. या पद्धतीला 'शेअरवेअर' म्हणत. खेळाचे खंड पाडून पहिला वाटायचा, ही तऱ्हा अपोजी या संस्थेच्या स्कॉट मिलर यांनी १९८७ च्या सुमारास बसवली होती. इड सॉफ्टवेअरचा व्यवहार पाहणारे जे विल्बर यांनी तर दुकानदारांना सांगितले की, पहिल्या खंडाच्या तबकड्या तुम्ही वाटेल त्या किमतीला विका आणि पैसे तुम्हीच ठेवा. १० डिसेंबर १९९३ रोजी तो खंड विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर चढवायचा होता, तेव्हा वाट पाहणाऱ्यांची गर्दी इतकी झाली की यंत्रणाच कोलमडली.

वाणिज्याच्या दृष्टीने पाहिले तर यात तीन गोष्टी आहेत. पहिली, जास्तीच्या प्रतीचा उत्पादनखर्च शून्य. तबकडीही घेणाऱ्याचीच. दुसरी, वाटणारा प्रत्येक जण बिनपगारी विक्रेता. तिसरी आणि महत्त्वाची, वानगी आणि माल एकाच पोत्यातले. बालाघाटचा चिन्नोर तांदूळ प्रसिद्ध आहे, त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तो घेणारा व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, वास घेतो, मग भाव बोलतो. मुठीत जे आहे तेच पोत्यात असणार, हा त्या व्यवहाराचा पाया. 'डूम'चा पहिला खंड हा पुढच्या दोन खंडांसारखाच होता, किंबहुना पुष्कळांच्या मते सर्वांत चांगला. ज्यांनी एक पैसाही दिला नाही त्यांचेही नऊ टप्प्यांत पोट भरले. मोठ्या मामेभावाने संगणकाच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तोच खंड घेतला होता, आणि वर्षानुवर्षे तेवढाच खेळला.

ज्याने पैसे दिले त्याचा व्यवहार तेथे पुरा झाला. कायद्याच्या भाषेत तोही वापराचा परवानाच होता, मालकी नव्हे. पण तबकडी घरात होती. ती आजही चालते, हे मी आठ दिवस पाहिले. शिवाय नकाशे, चित्रे, आवाज हे सारे मूळ यंत्रणेपासून वेगळ्या धारिकेत ठेवल्यामुळे सामान्य माणसांनाही स्वतःचे नकाशे करता आले. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये 'डूम'ची मूळ आज्ञावलीच सर्वांसाठी खुली करण्यात आली. म्हणून आजच्या संगणकांवरही तो चालवणारे लोक आहेत. २०१५ साली अमेरिकेतील स्ट्राँग संग्रहालयाने खेळांच्या सन्माननामावलीत पहिल्याच वर्षी 'डूम'ला स्थान दिले. संस्थेचे मालक बदलले, मालिका मात्र चालूच आहे. २०१६ आणि २०२० नंतर २०२५ मध्येही तिचा नवा भाग आला.

आता धाकट्याचा खेळ पाहा. येथे फुकट आहे तो खेळ, आणि विकत आहे ती खेळातली शोभा. वानगी कधी संपतच नाही, म्हणून व्यवहारही कधी पुरा होत नाही. रुपये थेट लागत नाहीत. आधी रुपये देऊन खेळातली नाणी घ्यायची, मग नाण्यांनी टोपी. नाण्यांची पुडकी अशा आकड्यांची की टोपी घेतल्यावर थोडी नाणी उरावी, आणि उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून आणखी पुडके घ्यावे. किंमत दोन वेळा बदलून समोर आली की मनाला रुपया दिसेनासा होतो. वर 'आजचाच दिवस' अशी मुदत.

मी धाकट्याला कीर्द लिहायला बसवले. जे येते ते नावे, जे जाते ते जमा, हा नियम त्याला समजावला. अकराही व्यवहार त्याने तारखेनुसार लिहिले. रोकड जमेला लिहिणे सोपे होते. नावे काय लिहायचे, येथे तो अडला. टोपी ही मालमत्ता म्हणावी तर ती विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, खेळ बंद पडला तर तिच्यासह जाणार. शेवटी त्याने प्रत्येक ओळीत 'खर्च' लिहिले. बेरीज केली तेव्हा त्याचे तोंड उतरले. ३,८४० हा आकडा त्याने तोपर्यंत एकत्र कधी पाहिलाच नव्हता.

चोरी की धंदा ?

मामांच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते असे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती, म्हणजे अठरा वर्षांखालील, करार करण्यास पात्र नाही. १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच रद्द ठरवला. आम्हांला हे दुसऱ्या वर्षाला पाठ असते. त्या न्यायाने धाकट्याने केलेला व्यवहार टिकू नये. परंतु खाते मामांचे, मोबाइल मामांचा, आणि सांकेतिक आकडेही मामांनीच "दे पाठवून" म्हणत एकदा सांगितले होते. समोरच्या पक्षाला दिसले ते एका प्रौढ खातेदाराने केलेले पेमेंट. अर्ज मी लिहून दिला. उत्तर अजून आलेले नाही.

काही वाचक म्हणतील, २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, त्याचे काय? तो कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणाऱ्या खेळांना बंदी करतो. टोपी विकत घेणे ही पैज नव्हे. तेव्हा हा धंदाच होय, चोरी नव्हे, असे मला मामांना सांगावे लागले. मात्र ज्या धंद्यात गिऱ्हाइकाला एकूण किती गेले हे कळू नये अशी मांडणी असते, त्याला चांगला धंदा म्हणता येणार नाही, हेही मी सांगितले. मामा म्हणाले, "म्हणजे पोट्टा चोर नाही." मी म्हटले, "नाही. पण त्यानं विचारायला हवं होतं." दारामागून धाकटा ऐकत होता.

रक्ताचा प्रश्न

जुन्या खेळाची एवढी स्तुती केल्यावर त्याची दुसरी बाजू न सांगणे अन्याय होईल. 'डूम' हा हिंसक खेळ आहे. तो बाहेर पडण्याच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबर १९९३ रोजी, अमेरिकेच्या सिनेटमध्ये खेळांतील हिंसेवर सुनावणी झाली होती, आणि पुढच्या वर्षी तेथे वयोगटानुसार शिक्का मारण्याची पद्धत आली. जर्मनीने १९९४ मध्ये 'डूम'ला मुलांसाठी निषिद्ध यादीत टाकले, ते २०११ पर्यंत. आपल्याकडेही २०२० मध्ये 'पबजी मोबाइल'वर बंदी आली. तिचे कारण मात्र देशाची सुरक्षितता व माहितीची गोपनीयता हे होते. दुसरीकडे आता पुण्याच्या डॉट नाइन या संस्थेनेही 'फौजी : डॉमिनेशन' हा बंदुकीचाच खेळ २०२५ मध्ये केला. म्हणजे या खेळाला आता परदेशी म्हणून बाजूला सारता येणार नाही.

खेळ खेळून माणूस क्रूर होतो, असे मला माझ्यापुरते तरी वाटत नाही. 'डूम'मध्ये मला अधिक गंमत येई ती दोन राक्षसांमध्ये उभे राहून एकाची गोळी दुसऱ्याला लागू देण्यात, म्हणजे ते आपसांतच भांडत बसतात. पण मामांचे एक बोलणे मी विसरू शकत नाही. माझा शिपाई मेला, मी कळ दाबली, टप्पा पुन्हा सुरू झाला. मामा म्हणाले, "आमच्या इकडे एक जण दगडाखाली सापडला होता. मी होतो तेथी." एवढेच. पुढे ते काही बोलले नाहीत, आणि मीही त्या दिवशी संगणक बंद केला.

शेवटी

सुट्टी संपायच्या आधी धाकट्याने 'क्वेक'चे नकाशे करण्याचे साधन उतरवून घेतले. मामांच्या चित्रावरून एक शाफ्ट नि दोन लेव्हल त्याने काढल्या. मामा शेजारी बसून टेकू कोठे द्यायचे ते सांगत होते. राक्षस अजून घातलेले नाहीत. बाहेर पडायचे मार्ग मात्र दोन आहेत, त्याशिवाय मामांनी नकाशा मंजूरच केला नाही. पैसे परत आलेले नाहीत. धाकटा दर महिन्याच्या खाऊच्या पैशांतून दोनशे रुपये मामीजवळ देतो आणि त्याची नोंद कीर्दीत करतो.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये असा एखादा खेळ आहेच. अंकाच्या कन्नड विभागातील माझ्या मैत्रिणीने हा लेख वाचून आपल्या भावाचा मोबाइल तपासला, आणि तिलाही अशीच यादी सापडली. खेळू नका, असे सांगण्याचा मला अधिकार नाही, मी स्वतः आठ दिवस खेळले. एवढेच सुचवते की, आज संध्याकाळी आपल्या खात्याचा उतारा उघडा, खेळावर गेलेल्या रकमा कागदावर एकाखाली एक लिहा, आणि बेरीज करा. ती बेरीज घरातल्या मोठ्यांना दाखवायला संकोच वाटला नाही, तर खुशाल खेळा.

असो. लेखात काही चूक राहिली असल्यास ती माझी समजावी.